सदतीस नंबरचा लिंब

झाडं चालतात. पालिकेच्या बागखात्यात अख्खी नोकरी काढल्यावर हे मी कुणाच्याही शपथेवर सांगू शकतो. फार जोरात चालत नाहीत, दिवसाला दोन-चार फूट. आणि त्यांची चालायची वेळ भर दुपारची असते, माळी चिंचेखाली टॉवेल तोंडावर घेऊन पडलेले असतात तेव्हाची.

लोकांना वाटतं, बागेतली नोकरी म्हणजे गुलाबाचा वास घ्यायचा आणि पगार घ्यायचा. माझी सोयरीक जमवायच्या बैठकीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हंजे माळीच की हो?"

मी म्हणालो, "माळी नाही, माळ्यांचा पर्यवेक्षक."

"हां. म्हंजे माळी काम करतेत अन् तुम्ही बघून राहता."

माझ्या पदाची इतकी नेमकी व्याख्या पुढे सेवापुस्तकातही सापडली नाही. आमचं मूळ गाव नायगावकडचं. वडिलांनी दुसऱ्यांच्या रानात जन्म काढला, आणि गावातल्या विहारापुढं स्वतःच्या हातानं एक पिंपळ लावला. पोरगा पगार घेऊन झाडं लावतो याचं त्यांना शेवटपर्यंत हसू यायचं. सुट्टीत गेलो की म्हणायचे, "या म्हैन्यात किती जगली?" किती लावली, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. साहेबलोक मात्र नेमकं उलटं विचारायचे.

पहिली काही वर्षं नांदेडात गेली, मग लातूरला आलो. लातूर तेव्हा उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला होता आणि गावाच्या अंगात नवरदेव आला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी 'आता आपला जिल्हा' एवढंच. पण जिल्हा नुसत्या पाटीनं होत नाही, त्याला कचेऱ्या लागतात. कुणाच्या माडीवर एक खातं, कुणाच्या गोदामात दुसरं, अशी सगळी दाटीवाटी. कुठं मोकळी जागा दिसली की संध्याकाळपर्यंत तिथं कुणीतरी टेप धरून उभा राहायचा.

अशा दिवसांत माझ्याकडं कोंडवाडा गल्लीची बाग आली. कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं पकडून अडकवायची जागा. जनावरांचा तो वाडा पडून बरीच वर्षं झाली होती, भिंतींचे दगड लोकांनी आपापल्या न्हाणीघरात बसवले होते. त्याला लागून आमची बाग. बाग कसली, चार बाकं, एक घसरगुंडी आणि उद्घाटनाच्या दिवशी उडून पुन्हा कधीही न उडालेलं कारंजं. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या दोन घरांतल्या बायका एकाच सुपात डाळ निवडायच्या. त्या सगळ्या वस्तीला आभाळ दिसायला ही एवढीच जागा. तेव्हा कोंडवाड्याची जमीन बागेला जोडून घ्यायची, असं पालिकेत ठरलं आणि नकाशा काढायचं काम माझ्यावर आलं.

पण त्या जमिनीवर जिल्हा कचेरीतल्या एका तरुण साहेबांचीही नजर होती. साहेब पुण्याकडचे, बोलायला गोड आणि हिशेबाला कडक. त्यांना तिथं कचेरीच्या गाड्या उभ्या करायला शेड घालायची होती. शेवटी त्यांनीच तोड काढली. म्हणाले, "तुमच्या नकाशात साठ झाडं आहेत. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला मी येईन. साठ जिवंत असली तर जागा बागेची. नसली तर शेड. मंजूर?"

मी मान हलवली. पावसाचा काय भरवसा, हा विचार नंतर आला.

नकाशा मी मन लावून काढला होता. मधोमध सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कडूलिंबाच्या रांगा, प्रत्येक झाडाला नंबर. इथं धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकतो. बागेत रस्ता आधी आखायचा नसतो. जागा तशीच मोकळी सोडायची, लोकांना दोन महिने हवं तिथून चालू द्यायचं, आणि मळलेली पायवाट दिसली की तीच फरशीनं बांधून काढायची. माणसं कुठून चालणार हे माणसांनाच माहीत असतं. हे मला शिकवलेलं होतं, पटलेलंही होतं. पण कागदावर सरळ रेघ फार सुंदर दिसते हो, आणि तेव्हा माझं वयही सरळ रेघा ओढायचं होतं.

मृगात चार सरी आल्या. त्यावर साठही रोपं लागली. नंतर आभाळानं जे पाठ फिरवली ती फिरवलीच. श्रावण कोरडा, भादवा कोरडा. नळाला पाणी कधी यायचं ते नळालाच ठाऊक. टँकर आला की घागरींच्या रांगा, आणि वर हुकूम निघाला की प्यायच्या पाण्याचा थेंबही झाडाला घालायचा नाही. हुकूम रास्तच होता. माझा मुख्य माळी गंगाराम उमरीकडचा, बोलायला तिरकस. तो म्हणाला, "साहेब, माणसालाच न्हाई तर झाडाला काय पाजावं? म्या काय रडून पानी घालू का?"

तोडगा मला माझ्याच घरी सुचला. त्या दिवसांत लातुरात सगळीकडं अंघोळीची एकच रीत होती. बाजेवर बसायचं, बाजेखाली घमेलं ठेवायचं. अंगावरून गेलेलं पाणी घमेल्यात, त्यात धुणं, धुण्यातून उरलेलं संडासात. एके दिवशी बाजेवर बसल्या बसल्या मनात आलं, यातलं एक बादली पाणी झाडाला का जाऊ नये?

बागेत सभा घेतली. घसरगुंडीवर उभा राहून मी भाषण ठोकलं. "एका घराला एक झाड. अंघोळीचं, तांदूळ धुतलेलं, राखेनं घासलेल्या भांड्यांचं, कसलंही पाणी चालेल. साबणाचं नको. रोज एक बादली, आणि बादली भरून. अर्धी आणाल तर नुसती वरची माती ओली होते, मुळाला काही मिळत नाही. आणि झाड जागचं हलवायचं नाही. साहेब नकाशा घेऊन येणार आहेत. झाड नकाशात आहे तिथं दिसलं नाही तर जागा गेली म्हणून समजा."

हे शेवटचं मी पदरचं घातलं होतं. साहेबांची अट जिवंत झाडांची होती, जागेची नव्हती. पण दोन शब्द भीतीचे घातल्याशिवाय सभा पांगत नाही, असा माझा अनुभव.

वाटप सुरू झालं. ज्याचा आवाज मोठा त्याला घराजवळचं झाड, हा आपल्याकडचा जुना न्याय. शेवंताबाई नावाच्या एक बाई होत्या, पिठाच्या गिरणीवाल्या. गिरणीच्या घरघरीवरून बोलायची सवय. त्यांनी पहिलाच नंबर पटकावला. निवृत्त पेशकारकाकांनी लेखी अर्ज देऊन सावलीतलं झाड मागितलं. सगळं संपत आलं तेव्हा जैतूनबी आल्या. त्या मणियाराच्या घरच्या, डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन फिरायच्या. उदगीरकडं कुठल्या लग्नात नवरीला चुडा भरायला गेल्या होत्या, म्हणून उशीर. त्यांचं घर गल्लीच्या पार टोकाला, आणि उरलेलं झाड जागेच्या ऐन मध्यावर. नंबर सदतीस.

त्यांनी पेटी खाली ठेवली आणि तीनच प्रश्न विचारले.

"कित्ता पानी, साब?"

"एक बादली. भरून."

"किदर लगाया है?"

"नकाशात आहे तिथं. मध्ये."

"और हटाया तो?"

"तर जागा जाईल."

"अच्छा," म्हणाल्या, पेटी उचलली आणि गेल्या.

त्यापुढचे दोन-तीन महिने मी नोकरीतले सर्वांत सुखाचे मानतो. सकाळी सात वाजता गल्ली बादल्या घेऊन निघायची. कोण कुणाच्या झाडाला काय घालतंय यावर सगळ्यांचा डोळा. पेशकारकाका दर रविवारी फूटपट्टीनं आपल्या झाडाची उंची मोजायचे आणि शेजारच्याचं जास्त भरलं की 'सदर इसम शेण घालीत आहे' असा अर्ज मला द्यायचे. शेवंताबाईंनी झाडाला हळदीकुंकू लावून त्याचं नाव बाळासाहेब ठेवलं. एका सुनेनं येऊन मला हळूच विचारलं, "साहेब, सासूच्या अंघोळीचं पाणी घातलं तर झाडाला लागतंय का? न्हाई, सोभाव लई कडू हाय त्यांचा." मी म्हणालो, "लिंबच आहे, चालतं."

आणि दिवाळी झाल्यावर एक दिवस गंगाराम कार्यालयात आला. दाराशीच उभा राहिला. "साहेब, शेवंताबाईचं झाड चालून राहिलं."

"दुपारी घेतलीस का रे?"

"न्हाई साहेब. आईशप्पथ. परवा तिथं व्हतं, आज इथं हाय."

टेप घेऊन गेलो. एक नंबरचा बाळासाहेब गिरणीच्या दिशेनं चार फूट सरकला होता. भोवती आळं व्यवस्थित, माती दाबलेली, पाणी घातलेलं. आठवड्यात तो आणखी सरकला. मग दोन नंबर निघाला, मग सात, मग अकरा. दुपारी माळी निजले की बायका खुरपी घेऊन यायच्या. मुळाभोवतीचा मातीचा गोळा जराही फुटू न देता झाड उचलायचं, ओल्या पोत्यात धरायचं, चार पावलं पुढं नेऊन लावायचं, असं त्यांचं तंत्र. आमच्या खात्यात झाड हलवायचं म्हटलं की दहातली सहा मरायची. या बायकांचं एक मेलं नाही. थंडी संपेपर्यंत नकाशातल्या दोन सरळ रांगा मोडल्या आणि सगळी झाडं कडेकडेनं, ज्याच्या त्याच्या उंबऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

मी शेवंताबाईंवर चांगलाच तापलो. त्या गिरणीच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, लहान लेकरू हाय, डोळ्यापुढं नको का? शेळी यायली, पोरं यायलीत. अन् पानी माझं, बादली माझी, दुखतेत ते पाय बी माझेच. तुमचा फकस्त कागद हाय."

परत हलवा म्हणावं, तर उन्हाळा तोंडावर, झाडं मरतील. तसंच ठेवावं, तर अट जागेची नसली तरी हिशेबाला कडक साहेब नकाशावर बोट ठेवूनच झाडं मोजणार. शेवटी पेशकारकाकांनी मला बाकावर बसवून सल्ला दिला. "झाड हलवता येत नसेल तर कागद हलवावा. त्यात काय एवढं?"

मी तेच केलं. नोकरीत केलेली ही एकच लबाडी कबूल करतो. नवा नकाशा काढला. झाडं कडेला, मध्ये मोकळं मैदान. जुना काढून फाइलला नवा लावला. आणि खरं सांगतो, नवा जास्त चांगला होता. कडेला बसणाऱ्यांना सावली, मध्ये पोरांना खेळायला जागा. मी पंधरा दिवस डोकं खाजवून जे काढलं नव्हतं ते बायकांनी खुरप्यानं काढलं होतं.

अडचण एकच होती. मैदानाच्या ऐन मध्यावर एकटं सदतीस नंबर उभं होतं.

जैतूनबींकडं गेलो. म्हटलं, "बी, तुमचं झाड दाराशी नेलं तर बरं होईल. सगळ्यांनी नेलं."

त्या बांगड्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमीच बोले ना साब, हटाया तो जागा जाती? बाकी के लोगां सुने नै होंगे. मैं सुनी."

नकाशाच बदललाय, हे सांगायला जीभ उचलेना. परत आलो आणि नव्या नकाशात त्या झाडाभोवती गोल काढून 'पार' असं लिहिलं.

साहेब मे महिन्यात आले. ऊन मी म्हणत होतं. मी अदबीनं फाइल पुढं केली. साहेबांनी ती घेतली नाही. स्वतःच्या बॅगेतून एक घडी काढली आणि उघडली. जुना नकाशा! मंजुरीच्या वेळी मीच एक प्रत दिली होती, आणि आपण दिलेला कागद कुणी जपून ठेवील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"नंबर एक," साहेब म्हणाले. गंगारामनं टेप धरला. तिथं मोकळी जमीन. "नंबर दोन." तिथं एक कुत्रं निजलेलं. "तीन... चार..." दहाव्या नंबराला साहेबांनी टोपी काढून घाम पुसला आणि विचारलं, "पर्यवेक्षक, हा नकाशा कुठल्या गावचा आहे?"

सगळी गल्ली दारात येऊन उभी होती, शेवंताबाईंचासुद्धा आवाज बंद. साहेब तसेच पुढं जात राहिले आणि मध्यावर येऊन थांबले. "नंबर सदतीस." गंगारामनं टेप लावला. एका इंचाचा फरक नाही. झाडाला पालवी फुटलेली, आळं ओलं.

"हे एकच इथं कसं?"

जैतूनबी पुढं आल्या. "मेरा है, साब. बागवाले साब बोले थे, जगा से हटाया तो जमीन जाती. मैं घुटने पे हात रखके पानी लाई, पर हटाई नै."

"आणि बाकीच्यांची?"

त्यांनी गल्लीकडं पाहिलं. मी डोळे मिटले. आता या चुगली करणार, आणि केली तर ती चुगली नाही, खरंच आहे.

"उनके झाडां उनके दरवाजे पे हैं, साब. एक बी मरा नै. गिनके देखो."

साहेबांनी नकाशाची घडी घातली, सदतीसचं एक धरलं आणि पुढं दारोदार मोजत फिरले. मीही मागं. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. मी श्वास सोडला. तर गंगारामचं मोजणं चालूच, "एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट." शेवटचे तीन लिंब नव्हतेच, गुलमोहर होते. आणि तिघांच्याही खोडाला तारेनं बांधलेले पत्र्याचे बिल्ले, त्यावर लाल अक्षरांत साहेबांच्याच कचेरीचं नाव! ज्या तीन घरांना झाड मिळालं नव्हतं त्यांनी आपली सोय आपण पाहिली होती. बिल्ला का नाही काढला, असं मी नंतर विचारलं, तर उत्तर आलं, "सरकारी हाय साहेब, त्याला कसा हात लावावा?"

साहेबांनी एक बिल्ला उलटासुलटा करून पाहिला. "आमच्या आवारात वीस लावली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "सतरा वाळली. तीन चोरीला गेली म्हणून मी शिपायाला मेमो दिलाय." मग त्यांना हसू आवरेना. गंगारामच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी तिथंच शेरा लिहिला, 'झाडे जागेवर नाहीत, परंतु सर्व जिवंत आहेत. जागा बागेस द्यावी.' गल्लीनं असा गलका केला की दोन वाड्यांपलीकडचे लोक टँकर आला समजून घागरी घेऊन धावत आले.

दुसऱ्या दिवशी मी जैतूनबींना म्हणालो, "बी, आता खुशाल हलवा. पाऊस पडला की मीच दाराशी लावून देतो."

"अब?" त्या म्हणाल्या. "अब वो इदर का हो गया."

बाग झाली, पार झाला. मी इतरही बागा केल्या, बढती घेतली, नारळ आणि शाल घेऊन घरी बसलो. लातुरातच राहिलो. मागच्या उन्हाळ्यात सहज त्या बागेत गेलो. पारावर म्हातारी माणसं दाटीनं बसलेली, सदतीस नंबरचा लिंब दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा झालेला. मैदानात पोरांचा कालवा. अभिमानानं छाती फुगवून मी कडेकडेनं गल्ली हिंडलो. दारोदार दाट सावली. गिरणी बंद झालीय, पण बाळासाहेब गच्चीच्या वर गेलेत. आणि टोकाशी गेलो तर एकाच दारावर रखरखीत ऊन. ओट्यावर पोतं बांधून त्याच्या तुकड्याएवढ्या सावलीत जैतूनबी बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, पाय लांब पसरलेले.

मला फार लाज वाटली. त्या सभेत मी पदरचं एक वाक्य घातलं होतं. सगळ्या गल्लीत ते एकट्या त्यांनीच खरं मानलं, आणि सगळ्या गल्लीत एकट्या त्याच उन्हात बसल्या होत्या. जागा कशानं जाणार होती आणि कशानं नव्हती, हे त्या दिवशी प्रथमच मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बाजूला सरकून पोत्याच्या सावलीत मला जागा केली आणि म्हणाल्या, "बैठो, चा पीके जाव."

पाऊस लागल्यावर रोप आणि कुदळ घेऊन गेलो. माझ्या हातानं खड्डा खणला. जैतूनबी ओट्यावरून बघत होत्या.

"नक्शे में है क्या?"

"नाही," मी म्हणालो. "नकाशा नाही, नंबर नाही."

"फिर पानी कौन डालेगा?"

"मी."

तेव्हापासून पाऊस नसेल त्या दिवशी सकाळी घरून बादली घेऊन निघतो. वाटेत ओळखीचे लोक भेटतात, पर्यवेक्षकसाहेब आता स्वतः पाणी घालतात म्हणून हसतात. सासरे असते तर तेही हसले असते. माझाही गुडघा आता बोलायला लागलाय. परवा तर इतका ठणकत होता की अर्धीच बादली नेली. जैतूनबींनी ओट्यावरून वाकून बादलीत पाहिलं.

"आधी बादली नक्को, साब," त्या म्हणाल्या. "भरके लाना बोले थे ना तुमीच."

मी मागं फिरलो आणि भरून आणली.